तारेखालची कपाशी

ड्रोन बघायला आमचं अख्खं गाव येतं. फवारून घ्यायला कुणी येत नाही.

मी पेटी उघडून पंखे सरळ करायला लागले की पाचोड रोडवरच्या पारावरची माणसं धोतर-पँट झटकत उठतात आणि बांधावर येऊन उभी राहतात. मोबाईल निघतात. किती उंच जातो, माणूस उचलंल का, सीमेवर हेच वापरतात का, असले प्रश्न. एकजण तर दर वेळी विचारतो, "ताई, आमच्या साडूच्या लग्नात नवरदेवावर फुलं टाकायला येता का?" मी सांगते, दादा, याच्या टाकीत कीटकनाशक असतं. तर म्हणतो, "धुऊन घ्या की मंग." नवरदेवाला उलट्या झाल्या तर मलाच धरतील, हे त्याच्या डोक्यात येत नाही. अशा माणसांपुढं मी कपाळ किती वेळा बडवून घ्यायचं?

मी रत्नमाला. आमच्या बचत गटांच्या संघानं मला ड्रोन शिकायला पाठवलं. परीक्षा झाली, लायसन्स मिळालं, निळं जाकीट मिळालं. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'ड्रोन पायलट'. सोबत गॉगल, मास्क, कोपरापर्यंतचे हातमोजे. माझा नवरा अतुल वाळूजला कंपनीत आहे, तिथंच खोली करून राहतो, सुट्टीला येतो. त्यानं लाईनवरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझी बायको पायलट आहे. कुठल्या विमानावर, असं कुणी विचारलं की गडी हसतो फक्त.

पण मला काही पायलट व्हायची हौस नव्हती. मी ड्रोन घेतला तो मामांसाठी.

मामा म्हणजे माझे सासरे, धोंडिबा. आमच्या गावात कपाशी कुणाचीही असो, मोसंबी कुणाचीही असो, फवारणी मामांची. जवानीपासून दुसऱ्यांच्या रानात पाठीवर पंप घेऊन चाललेला माणूस. पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर घट्टे पडलेत. नाकाला उपरणं बांधायची आठवण राहिली तर राहिली, नाहीतर वाऱ्याकडं तोंड करून तसंच. वर म्हणायचे, "मला औषध पचतंय." दोन वर्षांमागं ऐन दुपारी कपाशीतच कोसळले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. जीपमध्ये घालून संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाचले. डॉक्टर अतुलला बाजूला घेऊन म्हणाले, "यांनी आता औषधाला हात लावायचा नाही. पुन्हा असं झालं तर इथपर्यंत आणायचीही वेळ मिळणार नाही."

मामा जेमतेम एक पावसाळा घरी बसले. मग कुणीतरी दारातून हाक मारली, "धोंडिबा, बोंडं खाऊन टाकायलीत रे अळ्या," आणि पंप पुन्हा पाठीवर. मी भांडले, सासूबाई भांडल्या, अतुल फोनवरून ओरडला. त्यांचं एकच, "मंग मारायचं कुणी? लोकांचं रान जाऊ द्यायचं का?" जसं काही सगळ्या तालुक्याची कपाशी यांच्याच पाठीवर उभी आहे.

ड्रोन आला त्या दिवशी मात्र त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यो तुजा पंखा गावात चालला ना पोरी, की म्या पंप माळ्यावर टाकतो. शब्द."

मामा शब्दाला पक्के. म्हणून मला ड्रोन गावात चालवायचाच होता. बाकी कुणाला काय वाटायचं ते वाटो.

आता आमच्या गावात काही चालायचं तर आधी ते वच्छलाबाईच्या रानात चालावं लागतं. वच्छलाबाई म्हणजे रोडच्या दोन्ही अंगांना जमीन असलेली बाई. नवरा लवकर गेला, मुलगा इंद्रजीत लहान होता, हिनं रान एकटीनं सांभाळलं आणि वाढवलं. गावात पहिलं ठिबक तिनं टाकलं. ती ज्या वाणाची सरकी लावते ती पुढच्या वर्षी अर्धं गाव लावतं. तिनं तोंड वाकडं केलं की दुकानदारसुद्धा ती पिशवी मागं सरकवतो. मी तिच्या मागं लागले. खळ्यात गेले, मंदिरापुढं गाठलं, शेवटी एकदा तिच्या गोठ्यात शेणाची पाटी उचलून दिली. तेव्हा कुठं म्हणाली, "रोडकडचं एक एकर घे. तुडतुडे लई झालेत तिथं, पानांचा रस चोखायलीत. बघू तुजं भिरभिरं काय करतंय."

भिरभिरं! जत्रेतलं खेळणं जसं. पण मी ऐकून घेतलं.

सकाळी वारा पडलेला बघून मी गेले. सगळं गाव हजर. औषध मी इंद्रजीतच्या हातानं मोजून घेतलं, उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून. तो एका हातानं माप धरत होता आणि दुसऱ्या हातानं स्वतःचाच व्हिडिओ काढत होता. शेताच्या कडेनं विजेची तार गेली आहे. तारेजवळ ड्रोन न्यायचा नाही हा नियम, म्हणून त्याखालची कपाशीची पट्टी मी सोडणार होते. वच्छलाबाईला तसं सांगितलंही. "मावशी, तेवढं हातपंपानं मारून घ्या."

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी कोण माणूस लावतं."

ड्रोन उडाला, आला, गेला, आला, गेला, उतरला. संपलं. ज्या कामाला मामांना अर्धा दिवस लागतो ते, माणसांनी तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत झालं. मला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, वा.

वच्छलाबाई सरीत शिरली. एक पान धरलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला.

"कोरडंय."

बास. त्या एका शब्दानं माझी सगळी परीक्षा, सगळं लायसन्स मातीत. कारण आमच्याकडं फवारणी म्हणजे पान निथळलं पाहिजे. पानाच्या टोकावरून थेंब गळून पायाच्या अंगठ्यावर पडला पाहिजे, घरी येईपर्यंत विजार गुडघ्यापर्यंत ओली पाहिजे. तरच औषध लागलं. मी समजावून सांगायला लागले, की मावशी, हे थेंब इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, पाणी कमी असतं पण औषध तेवढंच असतं. मी आधीच झाडांवर पिवळे कागद टाचून ठेवले होते, औषध पडलं की त्यावर निळे ठिपके उठतात. एक कागद काढून दाखवला. ठिपकेच ठिपके.

मागून आवाज आला, "कागदाला काय करायचं? कागद पिकतो काय?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. आतून मात्र असं वाटलं की तो रिमोट याच्या डोक्यात घालावा.

"चार दिवसांनी पानाखाली बघा," मी म्हणाले. "एक तुडतुडा सापडला तर मला सांगा."

"बघू," वच्छलाबाई म्हणाली.

मामा बांधावर उभे होते. ते हसले नव्हते. पण माणसं पांगल्यावर त्यांनी हळूच वाकून एक पान धरलं, अंगठा फिरवला, अंगठ्याकडं बघितलं. मी सामान भरत होते, म्हटलं, "मामा, ओलं दिसत नसतं ते." ते म्हणाले, "व्हय व्हय," आणि पेटीचं एक टोक उचलायला आले.

दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार. बाजाराच्या दिवशी आमच्या गावात कुत्री आणि म्हातारी माणसंच राहतात. मी आणि सासूबाई, दोघी जीपनं गेलो. संध्याकाळी परत आलो तर मामा बाजेवर पडून खोकत होते आणि त्यांचा सदरा दोरीवर वाळत होता. जन्मात स्वतःचं उपरणं न पिळलेला माणूस. सासूबाई, कडूबाई त्यांचं नाव, त्यांनी विचारलं, "आज काय कपडे धुवायचा झटका आला?"

"धूळ लई उडाली व्हती," मामा म्हणाले.

माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात ते एक एकर होतं.

चार दिवस मी मुद्दाम त्या रोडनं गेले नाही. पाचव्या दिवशी इंद्रजीत मोटरसायकलवर दारात आला, उतरलासुद्धा नाही. "चल. आई बोलावतीय. आत्ताच्या आत्ता."

मी धावत गेले. मामा माझ्या मागून येत होते, दम खात.

रोडवरूनच दिसलं. कपाशीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, मधे तांबडे-काळे डाग, पाती, म्हणजे फुलं व्हायच्या कळ्या, गळून सरीत सडा पडलेला. एकर सगळं तव्यावर पालथं घातल्यासारखं. आणि तारेखालची पट्टी, जी मी सोडली होती, ती हिरवीगार. कुणी खडूनं रेघ मारून द्यावी इतकी साफ. जिथं ड्रोन गेला तिथं जळालेलं, जिथं गेला नाही तिथं चांगलं. शाळेत न गेलेल्या माणसालासुद्धा समजेल असा हिशोब.

"बघ," वच्छलाबाई म्हणाली. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "बघ तुज्या भिरभिऱ्यानं काय केलं."

माणसं होतीच. आमच्या गावात फजिती बघायला निमंत्रण लागत नाही. कुणी म्हणालं, मशीन ते मशीन, त्याला काय कळतंय. कुणी म्हणालं, एवढं कडक औषध एवढ्याशा पाण्यात, जळणारच. त्या दिवशी ज्यांना औषध कमी पडल्यासारखं वाटत होतं तेच आज जास्त झालं म्हणत होते. एकाच तोंडानं.

क्षणभर मला स्वतःचीच शंका आली. पण माप इंद्रजीतनं धरलं होतं. व्हिडिओत आहे ते. बाटली आमच्या पडवीत होती, उरलेलं औषध जेवढं राहायला हवं तेवढं होतं. तेवढ्या औषधानं कपाशी जळत नाही. जळणारच नाही. मग?

मी तारेखालच्या पट्टीत शिरले. का शिरले ते माहीत नाही, जळालेल्या पानांकडं बघवत नव्हतं म्हणून असेल. एक पान उलटं केलं.

तुडतुडा कसा ओळखायचा ते इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पान उलटं केलं की तो सरळ पळत नाही, तिरका पळतो. इथं काहीच पळालं नाही. दुसरं पान, तिसरं पान. दुसरं झाड. खालची पानं, शेंड्याची पानं. एकसुद्धा नाही. बांध ओलांडून शेजारच्या कपाशीत गेले, पान उलटलं, तर तिरक्या पळणाऱ्यांची नुसती जत्रा.

मी तिथूनच ओरडले, "मावशी, तारेखाली तुम्ही फवारलं का?"

"म्या कशाला फवारू? तूच म्हणलीस ना, सोडलंय."

"मग इथले तुडतुडे कुणी मारले?"

कुणालाच प्रश्न समजला नाही. मी वच्छलाबाईचा हात धरून तिला पट्टीत आणलं, पान उलटं करून दाखवलं. मग शेजारच्या बांधावर नेलं, तिथलं दाखवलं. "इथं मी एक थेंब मारलेला नाही. तरी इथं किडा नाही. म्हणजे माझ्यानंतर इथं कुणीतरी फवारलंय. नुसतं इथंच नाही, सगळ्या एकरावर फवारलंय. माझ्या औषधावर परत औषध. इथं एकदाच पडलं, म्हणून हे हिरवं. तिकडं दोनदा पडलं, म्हणून ते जळलं."

वच्छलाबाई विचारात पडली. खरंच पडली, मी बघितलं. तेवढ्यात इंद्रजीत म्हणाला, "वाऱ्यानं उडून आलं असंल तुजंच."

"आलं असतं तर शेजारच्या बांधापर्यंतही आलं असतं."

"मग कुणी मारलं? भूत आलं व्हतं का फवारायला?"

लोक हसले. आणि त्या हसण्यात मला खोकला ऐकू आला.

"म्या मारलं," मामा म्हणाले.

ते सरीच्या तोंडाशी उभे होते, उपरणं दोन्ही हातांनी धरून. कुणाकडं बघत नव्हते, त्या जळालेल्या पानांकडंही नाही.

"बाजाराच्या दिशी. सगळ्या एकरावर मारलं, तारेखाली बी मारलं. एका पंपाला दोन झाकणं घातली, माज्याकडच्या जुन्या औषधाची. पोरीचा काय दोष नाय. म्या केलं हे."

मला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की माझी छाती हलकी होईल. कसली हलकी! सदरा आठवला, खोकला आठवला. औषधाला हात लावायचा नाही, हे डॉक्टरांचं बोलणं आठवलं. माझा ड्रोन वाचावा म्हणून एवढा आटापिटा मी करत होते आणि इकडं हा माणूस भर उन्हात, एकटा, अख्खं गाव बाजाराला गेलेलं असताना, एक एकर पाठीवर पंप घेऊन फिरला होता. पडला असता तर संध्याकाळपर्यंत कुणाला दिसला नसता.

वच्छलाबाईनं तारेखालचं एक पान तोडलं. उलटंपालटं करून बघितलं. डोळ्यांजवळ धरून, उजेडात धरून. मग मान हलवली.

"म्हंजे हितले तुडतुडे धोंडिबानं मारले."

"हो," मी म्हणाले. "तेच सांगतेय मी."

"अन पान बी जळू दिलं नाय."

"मावशी, इथं फक्त त्यांचंच..."

"व्हय ना! जिथं एकट्या धोंडिबाचं पडलं तिथं किडा मेला अन पान हिरवं. जिथं तुजं भिरभिरं फिरलं तिथं राख." तिनं ते पान सगळ्यांना दाखवलं, त्या दिवशी अंगठा दाखवला होता तसंच. "मी म्हणलंच व्हतं, कोरडं पडलं मनून. धोंडिबाला बी तसंच दिसलं. हातगुण लागतो गं बाई त्याला. मशीनीला कुठून येतो हातगुण?"

"मावशी, दोन्ही मिळून जळलं! ड्रोनचं एकट्याचं पडलं असतं तर तेही असंच हिरवं राहिलं असतं!"

"ते कुठंय? दाखव ना. एकट्या तुज्या मशीनीचं पडलेलं एक पान दाखव."

नव्हतंच. कुठून दाखवणार? सगळ्या एकरात एकही पान असं नव्हतं की ज्यावर नुसतं माझं औषध पडलंय. मामांनी एक कोपरा सोडला नव्हता. तीस वर्षं असंच काम केलंय त्यांनी, कोपरा न सोडता.

मी पिवळ्या कागदाचं बोलले, मापाचं बोलले, व्हिडिओचं बोलले. कुणी ऐकत नव्हतं. माणसं आळीपाळीनं तारेखाली शिरून पानं उलटी करत होती आणि "एक बी नाय रे" म्हणत होती. कुणीतरी मामांच्या पाठीवर थाप मारली. "धोंडिबा, आमच्याकडं कवा येतो?" मग दुसऱ्यानं विचारलं. वच्छलाबाई म्हणाली, "आधी माजं. मोसंबीच्या मागं लावायचंय त्याला." आणि माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, "तुमच्याकडं मी काय भरपाई मागू, रत्नमाला? तुमचं आमचं काय वेगळंय? फक्त ते भिरभिरं परत माज्या रानात आणू नको."

आणि मामा? मामांच्या तोंडावर हसू होतं. लपवायचा प्रयत्न करत होते, पण होतं. जन्मभर लोकांच्या बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणी चारचौघांत नावाजलं होतं. मला त्या हसण्याचा इतका राग आला, की तिथं उभं राहवलं नाही.

घरी आल्यावर मी ताट आपटलं, तांब्या आपटला. सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. सदऱ्याचं कोडं त्यांनाही आत्ताच उलगडलं होतं. मामा आले, उंबऱ्यावर बसले.

"कशाला केलंत?" मी विचारलं. "तुम्ही शब्द दिला होता ना?"

"तुजा पंखा चालल्यावर मनून दिला व्हता."

"चालू कुठं दिलात तुम्ही?"

त्यांनी उपरण्यानं मान पुसली. मग म्हणाले, "पानं कोरडी व्हती गं. म्हणलं, चार दिसांनी किडा तसाच दिसंल. समदे तुला हसतील. एवढं शिकून आलीस. पोरीचं हसू व्हऊ नये मनून..."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, ओलं दिसत नसतं!"

"सांगितलं व्हतंस. पर माज्या अंगठ्याला कोरडं लागलं ना." अंगठा पुढं करून ते स्वतःच त्याच्याकडं बघत राहिले. "म्हणलं, गुपचूप मारून टाकावं. किडा मरंल, नाव तुजं व्हईल. वच्छलाबाई हो म्हणंल. मंग पंप टाकू माळ्यावर."

या माणसावर ओरडायचं तरी कसं? माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता असंही म्हणवेना, कारण विश्वास नसता तर एवढं केलं नसतं. आणि विश्वास होता असंही म्हणवेना. मला रडू आलं, तेही रागाचं. सासूबाईंनी मला जवळ घेतलं नाही, त्या मामांना म्हणाल्या, "तुमच्या अंगठ्याला आग लागली असती तर बरं झालं असतं."

अतुलला फोन केला. शिफ्ट सुटून तो बसमध्ये होता, मागं गोंगाट. सगळं ऐकून म्हणाला, "तू आता त्यांना फवारायला सोडू नकोस." मी म्हटलं, "मी म्हणजे काय दोरीनं बांधून ठेवू?" संघाच्या ताईंचाही फोन येऊन गेला होता. ड्रोन नुसता पेटीत राहत असेल तर दुसऱ्या गावचा गट मागतोय, म्हणाल्या. मी थोडे दिवस मागून घेतले. कशाच्या भरवशावर, मलाच ठाऊक नाही.

सकाळी मी बॅटरीच्या पंपाची बॅटरी काढून कणगीमागं लपवली. मामांनी शोधली नाही. शिडी लावून त्यांनी माळ्यावरून जुना, दांड्यानं हाणायचा पंप काढला. ज्या माळ्यावर पंप जायचा होता, तिथून आणखी एक पंप खाली आला.

"मामा, जाऊ नका." मी दारात आडवी उभी राहिले. "डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"वच्छलाबाईला हो म्हणलंय. तिचं एकर जाळलं म्या. आता मोसंबीला बी नाय म्हणू?"

"मी जाते तिकडं. सांगते त्यांना."

"तू कालच सांगितलंस की." ते हे टोचून बोलले नाहीत. साधंच बोलले. "ऐकलं का कुणी?"

मी बाजूला झाले. आत गेले, पेटीतून माझं जाकीट काढलं. गॉगल, मास्क, हातमोजे, सगळं. लहान पोराला शाळेला घालतात तसं त्यांना घातलं. जाकीट खांद्यात आखूड झालं. मास्क बांधला तर म्हणाले, दम कोंडतो. म्हटलं, कोंडू द्या. गॉगल लावला तर म्हणाले, समदं पिवळं दिसतंय. म्हटलं, दिसू द्या. मग त्यांनी पाठ वळवली, मी पंप उचलून त्यांच्या पाठीवर दिला, पट्टे सारखे केले. 'ड्रोन पायलट' ही अक्षरं पंपाखाली गेली.

"काढलं तर बघा," मी दम दिला.

"नाय काढत. शब्द."

ते गेले. रोडनं लोक भेटत होते, मामांचं रूप बघून थांबत होते, हसत होते. मी अंगणाच्या टोकापर्यंत मागं गेले. फोन वाजला. तोच, साडूच्या लग्नवाला. "ताई, आता तर तुमचं मशीन रिकामंच असंल ना?" मी फोन बंद केला.

मामा वच्छलाबाईच्या मोसंबीच्या बांधावर पोचले. हौदात बादली बुडवली, पंप भरला, औषध ओतलं. झाकणं मोजायला मी लांब होते. मग त्यांनी एकदा मागं वळून आमच्या घराकडं बघितलं. मी निंबाच्या आडोशाला होते, त्यांना दिसले नसणार.

त्यांनी मास्क खाली ओढला. मग गॉगल काढून खिशात घातला.

मी ओरडले. "मामा! तोंडाला बांधा!" घशाच्या शिरा ताणून ओरडले. पण तोवर त्यांनी दांडा हाणायला सुरुवात केली होती, आणि मोसंबीच्या पहिल्या झाडाची पानं निथळायला लागली होती.